भाड्याच्या घरासाठी छोटा प्रोजेक्टर: कोणता घ्यावा?

प्रश्न: आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या घरात राहतो. मिस्टर बँकेत आहेत, दर तीन वर्षांनी बदली होते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासरे. हॉल दहा फूट बाय चौदा फूट. सध्या ३२ इंची टीव्ही आहे, पण मुलांना मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचाय. सासऱ्यांना जुने कृष्णधवल मराठी चित्रपट फार आवडतात, मात्र त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. घरमालकांनी भिंतीला खिळा मारायचा नाही असं बजावलंय. ऑनलाइन नऊ हजारांचा एक छोटा प्रोजेक्टर पाहिला. त्यावर ‘४के, १२,००० लुमेन, २०० इंची पडदा’ असं लिहिलंय. भाऊ म्हणतो, त्याच्या ऑफिसातला जुना प्रोजेक्टर आठ हजारांत मिळेल, तोच घे. आमची तीस हजारांपर्यंत तयारी आहे. काय घ्यावं? आणि टीव्ही विकून टाकावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात बाकीच्या उत्तराचं मूळ आहे. टीव्ही विकू नका. सकाळच्या बातम्या, दुपारची मॅच, मुलांचं कार्टून यासाठी तो लागणारच आहे. प्रोजेक्टरला काळोख लागतो. त्याला काळा रंग फेकता येत नाही, तो फक्त उजेड फेकू शकतो. चित्रात जिथे काळं असायला हवं तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. मग तिथे दिसते ती तुमची भिंत. दुपारी तीन वाजता ती भिंत जितकी पांढरी, तितकाच पांढरा नायकाचा काळा कोट. हे कितीही महाग यंत्र घेतलं तरी पूर्ण टळत नाही, आणि छोट्या यंत्रांत तर मुळीच टळत नाही. म्हणून प्रोजेक्टर रात्रीचा, टीव्ही दिवसाचा, अशी वाटणी ठेवा.

आता त्या नऊ हजारांच्या जाहिरातीकडे येऊ. ‘१२,००० लुमेन’ हा आकडा विसरून जा. लुमेन हे उजेडाचं माप आहे, पण तो उजेड कुठे मोजला हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आतल्या एलईडी दिव्यापाशी मोजला तर आकडा मोठा येतो. त्यातला बराचसा उजेड काचा, पॅनेल (चित्र उमटवणारी आतली पट्टी), भिंग यांतून जाताना आतच संपतो. तुमच्या उपयोगाचा आकडा म्हणजे ‘एएनएसआय लुमेन’ (एएनएसआय ही अमेरिकेतली मानकं ठरवणारी संस्था). या पद्धतीत पडद्यावर पडलेल्या पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करतात, प्रत्येक भागाच्या मध्यभागी उजेड मोजतात, त्याची सरासरी काढतात आणि पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणतात. हे मानक १९९२ सालचं आहे. त्यात कोपरेही मोजले जातात, त्यामुळे मधे झगझगीत आणि कडेला मंद अशा यंत्राचं पितळ उघडं पडतं. काही कंपन्या ‘आयएसओ लुमेन’ लिहितात, तेही विश्वासाचं माप आहे. ‘एलईडी लुमेन’ लिहिलं असेल तर तो आकडा एएनएसआयपेक्षा बराच फुगलेला असतो, दुपटीहूनही जास्त. आणि नुसतंच ‘लुमेन’ लिहिलं असेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारायचा: एएनएसआय किती? उत्तर आलं नाही तर ते यंत्र यादीतून काढायचं.

‘४के’चंही तसंच. यंत्राला ४के फाइल उघडता येते आणि यंत्र ४के चित्र दाखवतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त यंत्रांत ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असतं आणि आतलं पॅनेल असतं १२८० बाय ७२० ठिपक्यांचं, कधी त्याहूनही कमी. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ किंवा ‘फिजिकल’ रिझोल्यूशन शोधा. तुमच्या बजेटमध्ये तिथे १९२० बाय १०८० (यालाच १०८०पी म्हणतात) हवं, त्याखाली नको. खऱ्या ४के ची तुम्हाला गरजही नाही. बारा फुटांवरून नव्वद इंची चित्र बघताना १०८०पी पुरेसं रेखीव दिसतं. एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या तंत्राच्या) शिक्क्यासाठीही जादा पैसे देऊ नका, तो दाखवायला जो उजेड लागतो तो या यंत्रांत नसतो.

राहिला दोनशे इंचांचा दावा. हे इंच तिरके, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात; दोनशे इंची चित्र साडेचौदा फूट रुंद असतं. तुमच्या हॉलची लांब भिंतसुद्धा त्याला पुरणार नाही! आणि पुरली असती तरी उपयोग नव्हता. तेवढीच कणीक घेऊन मोठी पोळी लाटली की ती पातळ होते, उजेडाचंही तेच. चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी जुना निकष आहे १६ फूट-लँबर्टचा. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी त्याचा अर्थ इतकाच, की दर चौरस फुटाला १६ लुमेन पडले पाहिजेत. नव्वद इंची चित्र साडेसहा फूट रुंद आणि पावणेचार फुटांना थोडं कमी उंच, म्हणजे २४ चौरस फूट. खऱ्या ४०० एएनएसआय लुमेनच्या यंत्राने त्यावर दर चौरस फुटाला साडेसोळा लुमेन पडतात. काळोख्या खोलीत हा थिएटरच्या तोडीचा उजेड झाला. तेच यंत्र १२० इंचांवर नेलंत तर आकडा साडेनऊच्या खाली जातो, आणि जाहिरातीतल्या दोनशे इंचांवर साडेतीनच्याही खाली. चित्र दिसेल, पण रात्रीचे प्रसंग ओळखू येणार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, ताई: यंत्र निवडायच्या आधी चित्राचा आकार ठरवा, आणि तो हव्याहव्याशा आकाराहून थोडा लहानच ठरवा. तुमच्या हॉलसाठी मी नव्वद इंच धरते. ३२ इंची टीव्हीच्या जवळजवळ आठपट क्षेत्रफळ होतं ते, मुलांना भरपूर वाटेल. त्यासाठी ४०० ते ५०० खरे एएनएसआय लुमेन शोधा. पाचशेच्या बाजूला झुकलेलं बरं, कारण सगळ्यात उजळ मोडमध्ये रंग बहुधा हिरवट किंवा निळसर दिसतात आणि रंग जागेवर आणणाऱ्या सिनेमा मोडमध्ये उजेड घटतो. बजेटमध्ये ३०० चंच यंत्र बसलं तर चित्र ऐंशी इंचांवर आणा, हिशेब पुन्हा जमतो.

आता हे यंत्र ठेवायचं कुठे, याचा विचार दुकानात जायच्या आधीच घरी करा. दहा फुटी भिंतीवर चित्र पाडा, म्हणजे समोर चौदा फुटांची खोली मिळते. प्रत्येक यंत्राच्या माहितीत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणलं की भिंतीपासूनचं अंतर मिळतं. बऱ्याच छोट्या यंत्रांचा हा रेशो १.२ च्या आसपास असतो. साडेसहा फुटांना १.२ ने गुणलं की होतात सुमारे आठ फूट. म्हणजे सोफा मागच्या भिंतीला असेल तर प्रोजेक्टर सोफ्याच्या पुढे, टीपॉयवर येणार. मुलं त्याच्यापुढून ये-जा करणार, त्याचा पंखा तुमच्या कानाजवळ घरघरणार आणि केबल पायात येणार. हे चालणार असेल तर ठीकच. नाहीतर १.४-१.५ रेशोचं यंत्र शोधा, ते नऊ-दहा फुटांवर जाईल आणि सोफ्याच्या शेजारच्या उंच स्टुलावर बसेल. घरी एक मोजपट्टी घ्या, भिंतीवर साडेसहा फुटांच्या खुणा पेन्सिलीने करा आणि स्टूल ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि यातूनच अर्धी यंत्रं यादीतून आपोआप गळतील.

उंचीचंही बघा. काही यंत्रांत चित्राची खालची कड भिंगाच्या रेषेत येते, अशी यंत्रं बुटक्या टीपॉयवर सरळ ठेवता येतात. काहींत भिंग चित्राच्या मध्याच्या रेषेत लागतं, ती उंच स्टँडवर ठेवावी लागतात. ती खाली ठेवून वर तोंड केलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. मग यंत्रातलं ‘ऑटो कीस्टोन’ ते सरळ करतं, पण त्यासाठी चित्राचे कडेचे ठिपके कापतं. म्हणजे १०८०पी चे पैसे देऊन तुम्ही त्याहून कमी बघता, शिवाय चित्राभोवती राखाडी झाक राहते. कीस्टोनची सोय आहे हे चांगलंच, सणासुदीला पाहुण्यांकडे नेलं तर उपयोगी पडेल. घरच्या रोजच्या जागी मात्र यंत्र भिंतीसमोर सरळ ठेवा आणि कीस्टोन शून्यावर.

छताला टांगायचा प्रश्न नाही, खिळाही नको. तुमची भिंत गुळगुळीत आणि मॅट रंगाची असेल तर पडद्याविनाच सुरुवात करा. ऑइलपेंट असेल तर मधे चकाकी दिसेल, मग तीन पायांच्या स्टँडवरचा सुटा पडदा घ्या. बदलीच्या वेळी तो गुंडाळून नेता येतो. पडद्यापेक्षा आधी खिडक्यांना ब्लॅकआउट पडदे लावा. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्यांच्या गॅलरीतला बल्ब, आपल्याच स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट, हे सगळं चित्र धुवून टाकतं. हजार-दीड हजारांच्या जाड पडद्यांनी चित्रात जो फरक पडतो तो यंत्रावर पाच हजार जास्त घालून पडत नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते.

भावाच्या जुन्या प्रोजेक्टरबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे आणि ऑफिसचे प्रोजेक्टर खरोखर उजळ असतात, तीन-तीन हजार एएनएसआय लुमेनचे. पण जुन्या यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याचं आयुष्य साधारण दोन ते पाच हजार तास, आणि तेही उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं. मेनूमध्ये दिव्याचे तास लिहिलेले असतात, भावाला ते वाचायला सांगा. नवा दिवा आठ हजारांच्या सौद्याचा सगळा फायदा खाऊन टाकू शकतो, आणि जुन्या मॉडेलचा अस्सल दिवा मिळणंही कठीण. शिवाय ही यंत्रं बहुतेक १०२४ बाय ७६८ ची, चौकोनी आकाराची. आजचा रुंद सिनेमा त्यावर १०२४ बाय ५७६ मध्येच बसतो, म्हणजे १०८०पी च्या ठिपक्यांच्या पाव भागाहून थोडेच जास्त. मोठा पंखा, मोठा आवाज, जड पेटी. दर तीन वर्षांनी सामान बांधणाऱ्या घराला हे नको. एलईडीचं यंत्र घ्या. त्याच्या दिव्याचं आयुष्य २०,००० तासांच्या पुढे सांगतात. रोज दोन तास धरले तर सत्तावीस वर्षं होतात, त्याआधी यंत्रातलं दुसरं काहीतरी जाईल.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मला सासरे वाटतात. त्यांच्या जुन्या चित्रपटांसाठी थोडा वेगळा विचार करायला हवा. प्रभातच्या काळातले चित्रपट आजच्यासारखे रुंद नाहीत, त्यांची चौकट जवळजवळ चौकोनी. नव्वद इंची पडद्यावर ते पाच फूट रुंद दिसतील आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांच्या रिकाम्या पट्ट्या राहतील. चित्र ताणून त्या भरू नका, माणसं जाडी दिसतात. रंगीत सिनेमात रंग डोळ्यांना गुंतवून ठेवतात. कृष्णधवल चित्रात सगळं काही काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटांवर उभं असतं. दिव्याच्या उजेडातला चेहरा, पदराची घडी, देवळातला अंधार, यातलं काही फिकट राखाडी झालं की चित्रच मेलं. त्यामुळे दुकानात प्रात्यक्षिक मागताना झगझगीत रंगांचे फुलपाखरांचे व्हिडिओ बघू नका. फोनमध्ये एखादा जुना कृष्णधवल चित्रपट घेऊन जा, दिवे बंद करायला लावा आणि रात्रीचा प्रसंग लावा.

त्याच वेळी आणखी एक तपासा. डीएलपी प्रकारच्या यंत्रात एकच चिप लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक इतक्या वेगाने दाखवते, की डोळ्यांना ते एकत्र दिसतात. काही जणांना मात्र नजर झटकन फिरवली की पांढऱ्या वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी रेघ चमकून जाते, आणि ती काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांत किंवा कृष्णधवल चित्रांतच जास्त जाणवते. ज्यांना दिसते त्यांचं डोकं दुखू शकतं. श्रेयनामावली लावा आणि घरातल्या प्रत्येकाने डावीकडून उजवीकडे नजर फिरवून बघा. सासऱ्यांना नक्की सोबत न्या. एलसीडीच्या यंत्रात हा त्रास नसतो, पण स्वस्त एलसीडी यंत्रात कोपरे अंधुक राहतात आणि काळं जास्त राखाडी दिसतं. तुमच्या बजेटमध्ये बहुतेक पर्याय एलसीडीचेच दिसतील. त्यांतलं आतला भाग बंदिस्त असलेलं, ‘सील्ड इंजिन’ असलेलं यंत्रच घ्या. उघड्या यंत्रात धूळ पॅनेलवर बसते आणि पडद्यावर काळपट डाग होऊन कायमची राहते.

आवाजासाठी वेगळे पैसे काढून ठेवा. प्रोजेक्टरमधला स्पीकर बारीक असतो आणि तो बसतो तुमच्या शेजारी. चित्र समोर, आवाज बाजूने आणि त्यात पंख्याची घरघर, अशा स्थितीत कमी ऐकू येणाऱ्या माणसाला संवाद कळत नाहीत. चार-पाच हजारांचा साधा साउंडबार घ्या आणि तो चित्राच्या खाली, टेबलावर ठेवा. ब्लूटूथने जोडलात तर ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील, असं बऱ्याच यंत्रांत होतं. ऐकू कमी येणारी माणसं नकळत ओठांवरून शब्द जुळवत असतात, त्यांना हे फार जड जातं. म्हणून वायरनेच जोडा. ३.५ मिलिमीटरची साधी ऑडिओ केबल चालेल, एचडीएमआय एआरसी (एचडीएमआयच्या वायरीतूनच आवाज साउंडबारला देणारी सोय) असेल तर उत्तम. दहा फुटांची वायर सतरंजीखालून न्या.

ओटीटीबद्दल जाहिरातीत ‘सगळी अ‍ॅप्स चालतात’ असं असतं. अनेक छोट्या यंत्रांतल्या अँड्रॉइडला त्या कंपन्यांची अधिकृत मान्यता नसते. मग अ‍ॅप उघडतं, पण चित्र धूसर ४८०पी च्या पुढे जात नाही, किंवा अ‍ॅप उघडतच नाही. यावर उपाय सोपा आहे: टीव्हीला लावतो ती स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयमध्ये लावायची. स्टिक घरात असेल तर तीच वापरा, टीव्ही आणि प्रोजेक्टर एकाच वेळी थोडेच चालणार आहेत. त्यामुळे यंत्रातल्या ‘स्मार्ट’ सोयींकडे बघून निवड करू नका, उजेड आणि भिंग बघून करा.

मग हिशेब असा: यंत्राला बावीस-तेवीस हजार, साउंडबारला चार-पाच, खिडक्यांचे पडदे आणि वायरी यांना दोन. तुम्ही मॉडेलचं नाव विचारलं नाहीत, आणि मीही देत नाही, कारण छोट्या यंत्रांची नावं काही महिन्यांत बदलतात आणि त्याच नावाखाली आतला माल बदललेला असतो. तुमच्या कागदावर चार ओळी लिहिलेल्या असू द्या: नेटिव्ह १०८०पी, एएनएसआय ४०० ते ५००, सील्ड इंजिन, आणि तुमच्या स्टुलाच्या जागेला जुळणारा थ्रो रेशो. आत बॅटरी असलेल्या यंत्रांच्या मोहात पडू नका. त्याच पैशांत ती कमी उजळ मिळतात आणि बॅटरीवर आणखी मंद होतात. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे मी धरून चालले आहे, पण एलईडीचं छोटं यंत्र साधारण १०० वॅटच्या आसपासच घेतं, घरात इन्व्हर्टर असेल तर तो ते सहज चालवेल. वीज परत येताना झटका बसू नये म्हणून स्पाइक गार्ड मात्र लावा.

कोकणातली दमट हवा भिंगाला चांगली नाही, बुरशी धरते. जून ते सप्टेंबर यंत्र आठवड्यातून एकदा तरी लावत जा, आतली ऊब त्याला कोरडं ठेवते. वापरून झालं की थंड होऊ द्या आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चालू असताना मात्र हवेच्या जाळ्या मोकळ्या हव्यात, उशीवर किंवा गादीवर कधीच नको. आणि मुलांना पहिल्याच दिवशी बजावा, चालू यंत्राच्या भिंगात डोकावायचं नाही.

खरेदी परत करायची मुदत असेल तिथूनच करा आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. रत्नागिरीत नसेल तर कुरिअरचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. यंत्र आलं की त्याच रात्री पूर्ण पांढरं चित्र लावून चारही कोपऱ्यांत उजेड सारखा आहे का बघा, मग पूर्ण काळं लावून एखादा चिकटलेला ठिपका चमकतोय का ते बघा. कोपऱ्यातली अक्षरं मधल्यांइतकी स्वच्छ वाचता यायला हवीत. नंतर एक पूर्ण सिनेमा सलग लावा. दोन तासांनी फोकस सरकला, पंख्याचा आवाज वाढून त्रास व्हायला लागला किंवा चित्रात पिवळट डाग दिसला, तर दुसऱ्या दिवशीच परत करा. सर्व्हिसवाला ‘सेटिंग करून देतो’ म्हणाला तरी थांबू नका, कारण तेवढ्यात परतीची मुदत निघून जाते.